मालकाने आत हात लावू नये

७ फेब्रुवारी १९६०, रविवार. अमरावती

कंपनीचे भगवंतराव आज अकोल्याहून आले होते. माझ्या लाऊडस्पीकरच्या मशीनची वर्षाची गॅरंटी एप्रिलअखेर संपते. ती आणखी तीन वर्षे वाढवून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. दरवर्षी ठरलेला हप्ता भरायचा. मशीन बिघडले की अकोल्याचा मिस्त्री येणार, आतला वाल, म्हणजे काचेचा व्हॉल्व्ह, जळाला तर नवा वालही तेच बसवणार. माणूस बोलायला सरळ आहे. आमच्या वस्तीत येऊन 'आत्ताच झाला' म्हणून चहा टाळणारे पुष्कळ पाहिले. यांनी पूर्ण घेतला आणि साखर कमी आहे असेही सांगितले.

कागद इंग्रजी आहे. दुपारी डिक्शनरी घेऊन मी तो शब्दाशब्दाने वाचला. त्यांनी तोंडी सांगितले त्यात आणि कागदात तफावत नाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. फक्त सातवे कलम त्यांनी सांगितले नव्हते. मशीनच्या झाकणाला शिशाचे सील लागणार, आणि त्यानंतर "मालकाने किंवा त्याच्या माणसांनी यंत्राच्या आतील भागास हात लावू नये." लावल्यास करार रद्द.

याच्यावर मी सही करणार नाही.

चालू गॅरंटीत झाकण उघडायला मनाई नाही, फक्त दुरुस्ती करायला आहे. म्हणून मी दर रविवारी झाकण काढतो आणि रंगाच्या बारीक ब्रशने धूळ झटकतो. मांडवाची धूळ वेगळी, सभेच्या मैदानाची वेगळी. काळ्या रानातली तर पिठासारखी, कुठेही शिरते. सील लावल्यावर धूळ आत जाणार नाही, असे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. मी दोनदा पाहिले.

मागच्या महिन्यात झाकण बसवल्यावर एक स्क्रू हातात उरला, हेही खरे आहे ते लिहितो. कुठला ते कळले नाही. पण मशीन त्याच्यावाचून चालते, त्याअर्थी कंपनीनेच तो जास्तीचा लावला असावा.

९ फेब्रुवारी

सातवे कलम बायकोला, पंचफुलेला, मराठीत करून सांगितले. ती ज्वारी निवडत होती.

"मंग करून टाका सही," ती म्हणाली. "बिघडलं त येऊन दुरुस्त करतीन. तुमाले काय तरास?"

"माह्या मशीनले हात लावाची मलेच मनाई?"

"मलेबी त हायेच. वर्ष होत आलं घरात हाय. म्या कदी बोट लावलं काय?"

तो प्रश्न वेगळा आहे, आणि मी तिला तो नीट समजावला. ओल्या हाताने मशीनला स्पर्श झाला तर झटका बसतो. बायकांचे हात दिवसभर पाण्यात असतात. म्हणून घरात नियम केला, तिच्याच भल्यासाठी. ती सुपातल्या दाण्यांवरून कोरडा हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "इंजिनघराचा राग या कागदावर काहून काढून राहिले तुमी?"

इंजिनघराचा इथे काडीचा संबंध नाही. कापसाच्या जिनात कामाला होतो तेव्हा मला इंजिनघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते, हे खरे. ड्रायव्हर म्हणायचा, तिकडूनच पाहा. मी खिडकीच्या गजाबाहेर उभा राहून पाहिले आणि ते इंजिन कसे चालते ते शिकलो, हेही खरे. पण ते वाफेचे इंजिन होते. हे विजेचे मशीन आहे. दोन्हींचे तत्त्व अगदी निराळे. हे तिला सांगितले. "बरं," म्हणाली.

१६ फेब्रुवारी

बुधाजी आले होते. पोस्टात आहेत, यंदा जयंती कमिटीचे अध्यक्ष. बाबासाहेबांच्या जयंतीला मैदानावर माझेच मशीन लावायचे हे मी गृहीत धरून होतो. मशीन घेतले तेच मुळी त्यासाठी. दरवर्षी कापडबाजारातल्या शेटचे मशीन भाड्याने आणायचे, त्याच्या माणसाने मंचावर पाय पसरून बसायचे आणि आपल्या लोकांनी त्याला 'जरा आवाज वाढवा जी' म्हणून विनवायचे, हे मला पाहवत नव्हते.

बुधाजी म्हणाले, "देवमनभाऊ, मशीन तुमचंच लावाचं हाय. पण कमिटीनं ठराव केला. गॅरंटीचा कागद असन त्याच मशीनले काम द्याचं."

"असा ठराव कदी होते का?"

"गेल्या वर्षी भाषण रंगात आलं अन् शेटचं मशीन मेलं. मागचे लोक उठून घरी गेले, धारणीकडून पायी आलेले लोक. तुमी होतेच की तिथं."

"होतो. तो शेटचा माणूस बटनं दाबत बसला होता. झाकण काढाची हिंमत नाई झाली त्याची. माह्या हातावर भरवसा नाई काय तुमचा?"

"हातावर हाय, भाऊ. मशीनवर नाई."

आपलीच माणसे. ते कंपनीच्या शिशाच्या गोळीवर विश्वास ठेवतात, माझ्यावर नाही. ते गेल्यावर बराच वेळ मी भोंगा पुसत बसलो. तो स्वच्छच होता.

आता मुद्दा असा. सही केली तर जयंतीला माझे मशीन लागेल, पण ते माझे राहणार नाही. नाही केली तर माझे राहील, आणि त्या दिवशी घरात राहील.

२४ फेब्रुवारी. अकोला, स्टेशनवर लिहीत आहे

बडनेऱ्याला गाडी बदलून सकाळी पोहोचलो. कंपनीचे दुरुस्तीचे दुकान पाहायचे होते. ज्याच्या हाती मशीन द्यायचे तो कसा काम करतो ते पाहणे माझा हक्क आहे. आडव्या फळीपलीकडे ओमप्रकाश नावाचा मिस्त्री रेडिओ उघडून बसला होता. मी फळी उचलून आत जाऊ लागलो तर त्याने पाटी दाखवली. गिऱ्हाइकाने बाहेर थांबावे. मी बाहेर थांबलो, पण मान लांब करून पाहिले. वाल उपसताना तो हलवून हलवून काढतो. मी सरळ वर ओढतो. माझी पद्धत बरी.

भगवंतरावांनी चहा मागवला. सगळ्यांचे कप एकच, माझाही त्यातलाच. हे लिहिणे न्यायाचे आहे.

मी म्हणालो, "सातवं कलम खोडा, आत्ता सही करतो."

"देवमनजी, ते कलम तुमच्यासाठी नाही हो, सगळ्यांसाठी आहे. मुंबईचा मोठा शेट असला तरी हेच कलम."

"त्या शेटले मशीनच्या आत हात घालाची हौस असते काय?"

ते हसले. "नसते."

"मंग त्याच्यापासून तुमी काय काढून घेतलं? काईच नाई. माह्यापासून काढून घेऊन राहिले."

त्यांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला वरून छापून येतं हो." माणूस खोटा नाही, पण त्याच्या हातात पेन असून खोडायची मुभा नाही. त्याला सील कंपनीने आधीच लावलेले आहे.

गाडी उशिरा आहे.

८ मार्च

भातकुलीला नत्थुजींच्या मुलीचे लग्न. सुखवस्तू शेतकरी, मांडव मोठा. बॅटरीवर मशीन लावले आणि भोंगा बांधायला कडुनिंबावर चढलो. खाली काय चालले ते वरून दिसत होते, पण हातात तार आणि तोंडात खिळे, ओरडता येईना.

नत्थुजींची आई पार्वताबाई, म्हातारी, काठी टेकत मशीनजवळ आली. कोणाला तरी म्हणाली, "नवंकोरं मशीन, अन् पूजा नाई केली? शुभकार्यात असं कोरडं लोखंड ठेवतेत काय मांडवात?" तिने मशीनला हळद-कुंकू लावले, फूल ठेवले, आणि त्याच्या लोखंडी कोपऱ्यावर नारळ आपटून फोडला. पाणी झाकणाच्या जाळीतून सरळ आत गेले.

छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून मी नारळ फोडत नाही, म्हणून वर्षभर या मशीनला कधी कुंकू लागले नव्हते. आणि गॅरंटीच्या कागदात आग आहे, पूर आहे, दंगल आहे, नारळ नाही.

मी उतरलो तोवर आतून शीः असा आवाज येऊन मशीन बंद पडले. म्हातारीला काही कळले नाही. तिने खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्याच हातावर ठेवला. "खाय बापू, बरकत होईन तुह्या मशीनले." कोणावर चिडणार. तुकडा खाल्ला. उरलेले लग्न बँडवर पार पडले.

९ मार्च

सकाळीच अकोल्याला तार केली. दुपारी उत्तर आले, मिस्त्री सोमवारी येईल. आज बुधवार, आणि परवा दर्यापूरला आपल्यातले लग्न आहे. तिथे भंते माईकवरून वंदना म्हणणार, म्हणून त्या लोकांनी तारीखसुद्धा माझ्या सोयीने धरली. मुहूर्त पाहणे सोडले तेव्हापासून आपली लग्ने कोणत्याही वारी होतात. कंपनीचा मिस्त्री मात्र सोमवारीच.

उघडले. नुसती धूळ झटकायला नव्हे, दुरुस्तीला. जुनी गॅरंटी इथेच मोडली, हे मला माहीत होते. वाल सरळ वर ओढून काढले, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने पाटावर मांडले. नारळाचे पाणी वाळून सगळीकडे चिकट झाले होते. स्पिरिटने पुसले. उन्हात ठेवले, मशीनवर माझे पातळ धोतर टाकून. पंचफुला दारात उभी राहून बघत होती. "काई धरू काय?" म्हणाली. मी नको म्हणालो. एकाग्रता मोडते.

संध्याकाळी चालू केले. चालले.

१२ मार्च

दर्यापूरचे लग्न उत्तम पार पडले. वंदना शेवटच्या पंगतीपर्यंत ऐकू गेली. मशीनमध्ये थोडी गुणगुण येते, पण नाहीच म्हणावी इतकी. नवरदेवाच्या मामाने "आत भुंगा शिरला का?" असे विचारले. त्या माणसाला कशावरही बोलायची सवय आहे, हे जेवताना कळले.

२० मार्च, रविवार

पुन्हा उघडून पाहिले. गुणगुण पूर्वीपेक्षा कमी आहे. पंचफुला म्हणते वाढली. तिचे कान तीक्ष्ण आहेत हे मान्य, पण यंत्राचा आवाज ऐकायला सवय लागते.

एक शंका मनात आहे ती लिहितो. मागच्या बाजूचा मोठा वाल त्याच्या खाचेत पूर्वीसारखा घट्ट बसत नाही. चिकटपणा राहिला असेल, किंवा पुसताना माझ्या हातून आतल्या पत्र्याच्या जिभा फाकल्या असतील. दुसरे होणे शक्य वाटत नाही.

२७ मार्च, रविवार

कमिटीची बैठक. मी कागदाशिवाय गेलो. उभा राहून सांगितले, "कंपनीची गॅरंटी नाई. माही हाय. मशीन बंद पडलं त सगळ्यासमोर, मंचावर, झाकण काढीन अन् चालू करीन. कोणाले अकोल्याले तार कराची गरज नाई."

"अन् नाई झालं त?" कोणीतरी मागून विचारले.

"त पुढच्या वर्षी त्या शेटचं मशीन आणा. मी सोता वाहून आणीन."

दुसरे एखादे मशीन जोडीला आणून ठेवावे, अशी एकाने सूचना केली. मी म्हणालो, "दुसरं आलं त माहं येणार नाई." बुधाजींनी डोके खाजवले आणि काम माझ्याकडे दिले. माझा मुद्दा त्यांना पटला हे उघड आहे. ते आदल्या दिवशीच अकोला, बडनेरा करून आले होते, आणि त्या तारखेला सगळीकडची मशीने आधीच ठरलेली आहेत असे काहीतरी बाजूच्याला सांगत होते. मी तिकडे लक्ष दिले नाही.

२९ मार्च

भगवंतराव अमरावतीत होते, घरी आले. नारळाची गोष्ट मी होऊन सांगितली. आधी खूप हसले, मग गंभीर झाले.

"देवमनजी, ऐका. मशीन उघडलंच नाही असं मी लिहितो. पाणी प्रवासात गेलं. आमचा माणूस एकदा तपासेल, सील लावेल, नवा करार चालू. जयंतीला निर्धास्त राहा. मला तुमच्यासाठी वाईट वाटतं म्हणून सांगतो."

त्यांना खरेच वाटत होते. म्हणून राग आवरायला वेळ लागला.

"उघडलं ते उघडलं. माह्या हातानं उघडलं अन् चालू केलं. ते तुमी पुसून टाकाले निंगाले."

"मी कागदाबद्दल बोलतोय."

"मीबी कागदाबद्दलच बोलून राहिलो."

त्यांनी काहीच लिहिले नाही. एप्रिलअखेरपर्यंत कागद राहू द्या, म्हणाले. जाताना पंचफुलेला म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी समजवा." ती म्हणाली, "मले त मशीनजवळबी कोणी येऊ देत नाई, जी."

१५ एप्रिल, शुक्रवार

काल जयंती झाली. जसे घडले तसे लिहितो.

मैदान भरून रस्त्यापर्यंत लोक. चार भोंगे, चार दिशांना. वंदना झाली, बुधाजींचे प्रास्ताविक झाले. नागपूरचे वक्ते बोलायला उभे राहिले, नुकताच आवाज चढवला, आणि मशीन बंद पडले.

एकदम शांत झाले. मग मागून कोणी तरी ओरडले, "देवमनभाऊ, गॅरंटी कुठी गेली?" लोक हसले. समोर बसलेली सुंदराबाई, आमच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी, मागे वळून म्हणाली, "गप बसा रे. तो पाहून राहिला न."

बोलल्याप्रमाणे मी मंचाच्या मधोमध मशीन ओढून झाकण काढले. पाहतो तर तोच, मागचा मोठा वाल. खाचेत सैल. फडक्याने दाबून धरला तर आवाज आला, सोडला तर गेला. वाल सैल का झाला यावर इथे चर्चा नको.

दाबून धरून बसलो. भाषण पुन्हा सुरू झाले. पण वक्त्यांना हातवारे करायची सवय, माईक त्यांनी भोंग्यासमोर सरकवला आणि शिटी सुरू झाली, कान फाटतील अशी. उठून माईक फिरवावा तर वाल सुटतो. "कोणी तरी इथं धरा," मी म्हणालो. कमिटीची माणसे आजूबाजूला उभी होती, एकही पुढे येईना. वर्षभर मीच सगळ्यांना झटका बसेल, झटका बसेल म्हणून भिववले होते.

बायकांच्या बाजूने पंचफुला उठली आणि सरळ मंचावर आली. "सरका," म्हणाली. पदराची घडी केली, माझ्या हाताशेजारी आत हात घातला आणि वाल दाबून धरला. मी हात काढून घेतला. आवाज गेला नाही.

मग मी माईक सरळ केला, भोंगा फिरवला, आवाज बेताचा ठेवला. भाषण पूर्ण झाले. त्याच्या मागचे झाले. गाणी झाली. पंचफुला तेवढा वेळ मशीनजवळ मांडी घालून, हात आत ठेवून बसली होती. मध्येच मी विचारले, "भाजते काय?" "भाजू द्या," म्हणाली, "बोलून राहिले न ते." मागचे कोणीही उठून गेले नाही. धारणीची माणसे शेवटपर्यंत बसली.

तांत्रिकदृष्ट्या तिने वालाला स्पर्श केला नाही, पदरातून दाबला. पण हात आत होता.

घरी आल्यावर बोटांना खोबरेल लावत म्हणाली, "आतमधी लाल उजेड हाय. बारीक, देवळीतल्या दिव्यावानी. तुमी कदी सांगतलं नाई."

"ते फिलामेंट."

"नाव असन काई." मग थोड्या वेळाने, "गुणगुण मात्र हाये."

आज सकाळी मी खाचेच्या जिभा पक्कडीने आवळून घेतल्या. उजेडासाठी कंदील तिने धरला. आणि सांगायचे तर, एक जीभ कमी आवळली गेली होती ती तिने दाखवली. मी ती दुसऱ्या फेरीत आवळणारच होतो.

२२ एप्रिल

भगवंतराव आले. जयंतीची हकीकत त्यांना अकोल्यातच कळली होती. ओमप्रकाश म्हणे दोन दिवस त्यावर हसत होता, आणि तिसऱ्या दिवशी वाल कोणता ते विचारत होता.

"मग, सही?" त्यांनी कागद काढला.

"सातवं कलम हाय का अजून?"

"आहे."

"मंग नाई."

ते मुळीच रागावले नाहीत. वर कळवायला त्यांच्याकडे वेगळा कागद असतो, गिऱ्हाइकाने नकार दिल्यास कारण लिहायचे. "काय लिहू? पैशाची अडचण लिहितो. सगळे तेच लिहितात, कोणी पुढं विचारत नाही."

"पैशाची अडचण नाई. जे हाय ते लिहा. मालकानं आत हात लावला."

त्यांनी लिहिले. चहा आला. पंचफुलेनेच आणला, दोन बोटांवर अजून काळे डाग आहेत. मी कागद मागून घेतला आणि वाचला. इंग्रजी बरोबर होते, पण मजकूर अपुरा होता. तसे मी त्यांना सांगितले. मालकाने आणि मालकिणीने, असे पाहिजे.

"त्यानं काय फरक पडतो, देवमनजी?"

"कागदात तफावत राहते."

पंचफुला कपबशी हातात धरून तिथेच उभी होती. भगवंतरावांनी एकदा तिच्याकडे पाहिले, ओळ खोडली आणि वर नव्याने लिहिली. मी पुन्हा वाचली. आता बरोबर आहे.